चौकोनी खिडकीची दंतकथा: ‘कॉमेट’ विमाने, सांताक्रूझ आणि एका ओळीचा इतिहास

१/
आजचा थ्रेड एका वाक्याविरुद्ध आहे. ‘कॉमेट विमाने चौकोनी खिडक्यांमुळे कोसळली’, हे ते वाक्य. इतिहासाच्या पानांवर, प्रश्नमंजूषांत आणि ‘तुम्हाला ठाऊक आहे का’ छापाच्या चित्रफितींत ते अखंड फिरत असते. वाक्य सुटसुटीत आहे, सोबत चित्र जोडता येते आणि वाचणाऱ्याला क्षणभर शहाणे झाल्यासारखे वाटते. माझे म्हणणे असे की हे अर्धसत्य आहे. त्याने जी अर्धी बाजू झाकली, नेमकी तीच शिकण्यासारखी होती. लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून विमानांच्या खिडक्यांवरून वाद का घालायचा, हे शेवटाकडे उलगडेल.

२/
आधी रंगमंच पाहू. २ मे १९५२ रोजी बीओएसी या ब्रिटिश कंपनीने लंडन ते जोहान्सबर्ग अशी जगातील पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. विमान होते डी हॅविलँड कंपनीचे ‘कॉमेट’. त्याच वर्षी ११ ऑगस्टला लंडन ते कोलंबो ही सेवा सुरू झाली आणि तिच्या वाटेवर मुंबई होती. म्हणजे सांताक्रूझला प्रवासी जेटचा आवाज घुमला तो १९५२ मध्ये. एअर इंडियाचे बोइंग ७०७ यायला अजून आठ वर्षे होती आणि महाराष्ट्र राज्यही जन्मायचे होते. आपल्या स्मरणात मात्र जेटयुग १९६० पासून सुरू होते. आधीची आठ वर्षे आपण सहज गाळून टाकली आहेत.

३/
डी हॅविलँड हे नाव मुंबईला नवे नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते याच कंपनीच्या ‘पस मॉथ’ विमानातून. त्या विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि त्यावर ताणलेले आवरण कापडाचे. आत-बाहेरची हवा एकच. थंडी, आवाज आणि धक्के थेट वैमानिकाच्या अंगावर. अवघ्या वीस वर्षांत त्याच कंपनीने एव्हरेस्टहून उंच उडणारे, आत शांत आणि उबदार असणारे विमान बनवले. वीस वर्षांतील ही झेप लक्षात ठेवा. पुढची सारी गोष्ट तिच्या वेगाची आहे.

४/
कॉमेटचे आकर्षण कशात होते? पिस्टन इंजिनांच्या विमानात तासन्‌तास थरथर सोसावी लागे, आणि पुष्कळदा वादळी ढगांतूनच वाट काढावी लागे. कॉमेट ३५ ते ४० हजार फुटांवरून, बहुतेक हवामानाच्या वरून जात असे. आसने केवळ ३६. पण या सुखाचे मूळ गाद्यांत वा पडद्यांत नव्हते. ४० हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असतो आणि तापमान शून्याखाली पन्नास अंशांच्या पलीकडे जाते. तिथे माणूस काही क्षणांतच शुद्ध हरपतो. तिथे चहा पीत बसता यावे, यासाठी एक पूर्ण यंत्रणा राबत असते.

५/
ती यंत्रणा अशी. इंजिनाच्या दाबयंत्रातून थोडी हवा काढून घ्यायची. दाबली गेल्याने ती कमालीची तापलेली असते. तिला थंड करायचे, केबिनमध्ये सोडायचे आणि झडपेतून मोजून बाहेर जाऊ द्यायचे. त्यामुळे ४० हजार फुटांवरही आतली हवा सुमारे ८ हजार फुटांवरच्या इतकी दाट राहते. आपले कळसूबाई सुमारे ५,४०० फूट उंच. म्हणजे ‘आरामदायी’ केबिनमधली हवाही महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावरील हवेहून विरळच असते. आराम म्हणजे समुद्रसपाटी नव्हे. शरीराला निभावता येईल अशी तडजोड.

६/
आता या तडजोडीची किंमत मोजा. आत-बाहेरच्या दाबातला फरक दर चौरस इंचाला सुमारे ८.२५ पौंड. तेवढाच फरक एका चौरस फुटावर मांडला, तर भार होतो सुमारे ५४० किलो. सहा-सात धान्याची पोती एका फरशीवर रचावीत, तसा हा भार विमानाच्या धडाच्या प्रत्येक चौरस फुटावर आतून बाहेर रेटत असतो. प्रत्येक उड्डाणात धड एकदा फुगते आणि उतरताना सैल पडते. फुग्याचा हा श्वास डोळ्यांना दिसत नाही. धातूला मात्र तो प्रत्येक वेळी जाणवतो.

७/
मग पत्रा जाड का घेतला नाही? कारण इंजिने दुबळी होती. चार ‘घोस्ट’ इंजिनांचा रेटा प्रत्येकी सुमारे ५ हजार पौंड, आणि भरलेल्या विमानाचे वजन ४७ टनांच्या घरात. सुरुवातीची जेट इंजिने तेलाला अधाशी होती; एकेक किलो वाचवणे हे चैनीचे काम नव्हते, त्याशिवाय हे विमान लांब पल्ल्यावर जाऊच शकले नसते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा काही ठिकाणी पाऊण मिलिमीटरहूनही पातळ ठेवला. अनेक जोड ‘रिडक्स’ नावाच्या चिकटद्रव्याने सांधले. सुखासाठी दाब वाढवायचा आणि उडण्यासाठी पत्रा पातळ करायचा: दोन्ही मागण्या एकाच पत्र्याने पुऱ्या करायच्या होत्या.

८/
मग अपघात झाले. २ मे १९५३, सेवेच्या पहिल्या वाढदिवशी, कलकत्त्याहून दिल्लीकडे निघालेले कॉमेट वादळात मोडून पडले, ४३ मृत्यू. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून निघालेले कॉमेट एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटले, ३५ मृत्यू. उड्डाणे थांबली, अनेक दुरुस्त्या झाल्या आणि २३ मार्चला पुन्हा सुरू झाली. सोळा दिवसांनी, ८ एप्रिलला, रोमहून कैरोला निघालेले आणखी एक कॉमेट नेपल्सच्या दक्षिणेला समुद्रात गेले, २१ मृत्यू. कलकत्त्याच्या अपघाताची जात निराळी होती, तेथे वादळाचा हात होता. ‘तिन्ही खिडक्यांमुळे’ असे लिहिणारे पहिली चूक इथेच करतात.

९/
पुढचा तपास हा विसाव्या शतकातील शोधकार्याचा एक उत्तम नमुना आहे. फार्नबरो येथील संशोधन संस्थेत सर आर्नोल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत उतरवले गेले. धडात पाणी भरून दाब वाढवायचा, उतरवायचा, पुन्हा वाढवायचा. पाणीच का? दाबलेली हवा फुटली तर बॉम्बसारखा स्फोट होऊन पुरावाच नष्ट झाला असता. पाणी फारसे दाबले जात नाही; भेग पडताच दाब सुटतो आणि भेग जिथल्या तिथे राहते. जून १९५४ मध्ये ते धड फुटले. १,२२१ खरी उड्डाणे आणि टाकीतील १,८३६ फेऱ्या, एकूण ३,०५७. कारण निघाले धातूचा थकवा.

१०/
आता दंतकथा क्रमांक एक: ‘खिडक्या चौकोनी होत्या’. त्या काटकोनी नव्हत्याच; कोपरे गोलावलेले होते. टाकीतील धडाची फाट सुटली ती आपत्कालीन दाराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून. एल्बाच्या अवशेषांत मूळ भेग सापडली ती छपरावर, दिशाशोधक अँटेनासाठी ठेवलेल्या झरोक्याच्या कोपऱ्याजवळ, एका छिद्राशी. प्रवासी ज्या खिडकीतून ढग पाहतो, ती ही नव्हे. कोपऱ्याच्या आकाराने ताण वाढतो, हे खरेच आहे आणि त्याचा वाटाही होता. पण बोइंग ७०७ च्या खिडक्याही गोल नव्हत्या, गोलावलेल्या कोपऱ्यांच्या आयतच होत्या. आकार हेच कारण असते, तर त्या विमानाचे काय झाले असते?

११/
दंतकथा क्रमांक दोन: ‘तेव्हा धातूचा थकवा कोणालाच ठाऊक नव्हता’. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर याच विषयाचे दीर्घ प्रयोग केले होते. १९४८ मध्ये अमेरिकेत मार्टिन कंपनीच्या एका प्रवासी विमानाचा पंख थकव्यानेच तुटला. त्याच वर्षी नेव्हिल शूट यांची ‘नो हायवे’ ही कादंबरी आली. तिचा विषयच मुळी विमानाच्या शेपटीतील धातूचा थकवा; आणि शूट स्वतः एके काळी डी हॅविलँडमध्ये काम केलेले अभियंते. जी गोष्ट कादंबरीत येऊन चित्रपटातही गेली, ती ‘कोणालाच ठाऊक नव्हती’ असे म्हणायला धाडस लागते.

१२/
दंतकथा क्रमांक तीन: ‘कंपनीने चाचण्याच केल्या नाहीत’. केल्या होत्या, आणि त्या काळाच्या मानाने कसून केल्या होत्या. धडाच्या एका भागावर दाबाची सुमारे १८,००० आवर्तने झाली, तरी तो टिकला. खरी विमाने मात्र एल्बाजवळ १,२९० आणि नेपल्सजवळ ९०० उड्डाणांतच फुटली. आता सांगा, इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करणारा प्रश्न कोणता? ‘खिडकी चौकोनी का होती’ हा? की ‘अठरा हजार वेळा टिकलेली वस्तू नऊशे वेळांतच का फुटली’ हा? एका ओळीच्या इतिहासाने हा दुसरा प्रश्न आपल्या हातून हिरावून घेतला आहे.

१३/
उत्तर समजायला आपल्याकडचा लोहार पुरे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना तो ती लालबुंद तापवतो, चाकावर बसवतो आणि पाणी ओततो. धाव आक्रसते आणि चाकाला कायमची आवळून धरते. चाक उकलू पाहते तेव्हा आधी त्या आवळणीवर मात करावी लागते. चाचणीच्या धडाचे असेच झाले. बळ तपासण्यासाठी त्याला आधी दुप्पट दाब दिला गेला. त्या दाबाने कोपऱ्यांजवळचा, छिद्रांभोवतीचा धातू किंचित ओढला गेला आणि दाब सुटताच भोवतालच्या धातूने त्याला आवळून धरले. मग सामान्य दाबाची हजारो आवर्तने त्या जागेला सौम्यच वाटली.

१४/
म्हणजे परीक्षेनेच परीक्षार्थ्याला बळकट केले होते. प्रवासी घेऊन उडणाऱ्या विमानांना असा दुप्पट दाब कधी मिळालाच नव्हता. त्यांच्या कोपऱ्यांभोवती ती आवळण नव्हती. शिवाय कोपऱ्यावरचा प्रत्यक्ष ताण धातूच्या अंतिम बळाच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत जात होता, कंपनीच्या हिशेबापेक्षा पुष्कळच अधिक. आणि ९००, १,२९०, ३,०५७ हे आकडे शेजारी ठेवून पाहा: एकाच जातीच्या तीन विमानांच्या आयुष्यात तिपटीहून जास्त तफावत. एका नमुन्याच्या यशावर शेकडो माणसांचे प्राण टांगता येत नाहीत. कॉमेटचा धडा हा आहे. त्यात खिडकीचा आकार दुय्यम आहे.

१५/
हा धडा ज्यांनी नीट वाचला, त्यांनी काय केले? ‘भेग पडणारच नाही’ या गृहीतकावर विसंबणे सोडले. ‘भेग पडेल, पण ती पुढे धावता कामा नये’, असे मानून बांधणी सुरू झाली. बोइंगने ७०७ साठी जाड पत्रा घेतलाच. शिवाय फाट अडवणाऱ्या पट्ट्या धडाला आतून जडवल्या. शेताला बांध घालतात तसे हे. पाणी फुटले तरी एका वाफ्यापुरते. आणि हे परवडले, कारण इंजिने तोवर बलदंड झाली होती. एअर इंडियाच्या ७०७ वरील रोल्स-रॉइस ‘कॉनवे’ इंजिनाचा रेटा कॉमेटच्या ‘घोस्ट’च्या तिपटीहून अधिक होता. सुरक्षित जाडी ही नुसत्या सद्‌बुद्धीने येत नाही, ती पेलणारे बळ आधी यावे लागते.

१६/
एअर इंडियाच्या ७०७ ने १९ एप्रिल १९६० रोजी लंडनची सेवा सुरू केली आणि १४ मे रोजी न्यूयॉर्कची. मधोमध १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले. या काळाविषयी आपण भरभरून लिहितो. काय लिहितो? महाराजाचे चित्र, साड्या, ताटवाट्या, जे. आर. डीं.ची पडद्यांपासून चमच्यांपर्यंत फिरणारी नजर. १९७१ मध्ये आलेल्या ७४७ च्या खिडक्यांभोवती रंगवलेले झरोके तर आपल्या स्मरणरंजनाचे मानचिन्हच झाले आहेत. त्या सौंदर्याशी माझे भांडण नाही. पण रंगवलेल्या झरोक्याची छायाचित्रे हजारदा पाहिलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असते, की त्याच झरोक्याची चौकट निर्धोक करायला आधी किती माणसे मेली?

१७/
यावर आक्षेप ठरलेला आहे: ‘सामान्य वाचकाला इतका तपशील नको असतो. एक ओळ त्याला विषयाकडे खेचते, पुढचे तो शोधेल.’ मला हे मान्य नाही. एक ओळ भूक जागवत असेल तर ती चांगली. ‘चौकोनी खिडक्या’ ही ओळ भूक भागवते. ती वाचल्यावर विचारायला काही उरतच नाही. खलनायक सापडला, तो आकार होता, तो बदलला, गोष्ट संपली. शिवाय तिच्यात एक लपलेली खुशामत आहे: ‘ते अभियंते किती भोळे, साधा कोपरा दिसला नाही!’ ते भोळे नव्हते. ते आपल्याइतकेच हुशार होते आणि पुरावा हातात असताना चुकले. तेच तर भयानक आहे.

१८/
आता लोहाऱ्याकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर त्यात उद्ध्वस्त झाले. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे गेली. त्याचाही एका ओळीचा इतिहास तयार आहे: ‘दगडी घरांमुळे माणसे मेली.’ अर्धसत्य, पुन्हा तेच. घात केवळ दगडाने केला नाही. भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दोन थरांना जोडणारे आरपार दगड नव्हते, मधे माती आणि खडी भरलेली होती, चारही भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा नव्हता आणि वर माळवदाच्या मातीचे ओझे होते. काही ठिकाणी भिंती ढासळल्या, पण लाकडी खांब-तुळयांवरचे छत उभे राहिले आणि खालची माणसे वाचली.

१९/
दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. कॉमेटमध्ये हलकेपणाला दोष दिला गेला, मराठवाड्यात जडपणाला. आणि दोन्हीकडे खरा प्रश्न होता जोडणीचा. भेग पडल्यावर भार कोण घेणार, हा. भूकंपात भिंतीला तिरपी भेग पडते ती बहुधा दाराच्या वा खिडकीच्या कोपऱ्यातून. तो कोपरा आणि एल्बाच्या विमानाचा कोपरा यांचे शास्त्र एकच आहे. ‘दगड वाईट’ एवढेच शिकलेला समाज दगड टाकून सिमेंट घेतो आणि सांधा पुन्हा कच्चाच ठेवतो. सिमेंटच्या घराला पट्टा, गज आणि नीट सांधे नसतील, तर तेही पुढच्या भूकंपात माणसाच्या अंगावरच येईल. चुकीचा इतिहास इथे भिंतीच्या रूपाने उभा राहतो.

२०/
हवेतली गोष्टही संपलेली नाही. एअर इंडियाकडे २०१२ पासून असलेल्या बोइंग ७८७ चे धड कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचे आहे. हा पदार्थ अ‍ॅल्युमिनियमसारखा थकत वा गंजत नाही. म्हणून केबिनची हवा ८ हजारांऐवजी ६ हजार फुटांइतकी दाट ठेवता येते आणि आत ओलावाही थोडा जास्त राखता येतो. प्रवासी उतरल्यावर ‘कमी थकलो’ म्हणतो. त्या सुखाचा उगम आसनात नसून भिंतीच्या पदार्थात असतो. १९५२ मध्ये हेच समीकरण होते, आजही तेच आहे. आणि १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला ७८७ कोसळले, तेव्हा तपास सुरू होण्याआधीच एका ओळीची कारणे मोबाइलवर धावू लागली होती.

२१/
म्हणून, इतिहासावर प्रेम करणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनो, यापुढे कोणत्याही अपघाताचे एका ओळीतले कारण समोर आले की तीन प्रश्न विचारा. त्या वस्तूची आधी कोणी, कशी परीक्षा घेतली होती? परीक्षेतली वस्तू आणि वापरातली वस्तू खरोखर एकच होती का? आणि भेग पडलीच, तर तिला अडवणारे काय होते? हे प्रश्न विमानाला लागू पडतात, पुलाला पडतात, धरणाला पडतात आणि तुमच्या गावातल्या शाळेच्या नव्या खोलीलाही पडतात.

२२/
फार्नबरोच्या तपासकांनी कॉमेटमधली चूक पाण्याच्या टाकीत उतरवून जगासमोर उघडी केली. लॉर्ड कोहेन यांच्यापुढे १९५४ मध्ये चौकशी झाली, अहवाल जाहीर झाला आणि त्याचा लाभ प्रतिस्पर्ध्यांनाही मिळाला. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी सुधारलेले कॉमेट अटलांटिक ओलांडून गेले, तोवर बाजारपेठ मात्र निसटू लागली होती. इतकी किंमत मोजून जगाला दिलेल्या ज्ञानाचे आपण काय केले? ‘चौकोनी खिडक्या’ असे दोन शब्द. त्या ९९ मृतांचे ऋण इतक्या स्वस्तात फिटत नाही. पुढच्या वेळी ते वाक्य कुठे दिसले, तर त्याखाली फक्त एवढेच लिहा: ‘मग चाचणीतले धड अठरा हजार वेळा का टिकले?’ आणि उत्तराची वाट पाहा.